मनाची औषधे : समज आणि गैरसमज
(ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



जुन्नर-आंबेगावच्या आपल्या गावांतून ‘याला येरवड्याला पाठवा’ ही थट्टा आजही ऐकू येते. तिच्या भयाने कित्येक घरे आप्ताचा आजार दडवितात. म्हणून हा विषय आम्ही आपणांपुढे मांडीत आहोत.

मनाच्या विकारांवर औषध नाही, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी आपल्याच देशातील सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग प्रसिद्ध केला. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांना लिथियमचा गुण आढळला, आणि १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीनने भास व संशय शमतात असे दिसून आले.

आज भास-संशयावर, उन्मादावर, औदासीन्यावर निरनिराळी औषधे आहेत. लिथियम घेणाऱ्याने वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे लागते. औदासीन्यावरील गोळीचा गुण दोन-चार आठवड्यांनी दिसू लागतो. चार दिवसांत ती निरुपयोगी ठरवू नये. याच वर्गातील औषधे अतिभय व मंत्रचळ यांवरही देतात. काही तर अर्धशिशी व मज्जातंतूंच्या वेदनांवरही. तेव्हा चिठ्ठीवरील नाव वाचून कोणास वेडा ठरविणे हे अज्ञानच होय. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरे. पण तो दोष सर्वच औषधांच्या माथी मारणे योग्य नव्हे.

खरा अनर्थ निराळाच आहे. लग्न जमताना आजार लपवितात. मग सासरी कोणास कळू नये म्हणून गोळ्या गुपचूप बंद होतात. आजार उलटतो, आणि दोष मात्र मुलीच्या पायगुणाला किंवा बाहेरच्या बाधेला दिला जातो. औषध एकाएकी सोडू नये. गर्भारपणी तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून त्यात काहीच फेरफार करू नये. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो, मग हिचीच लाज का?

मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात वा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी; २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी सल्लाही विनामूल्य मिळतो. देवाला नवस अवश्य बोलावा, परंतु गोळी चुकवू नये.

सोयरीक जुळविताना आजार उघड सांगणाऱ्या घराचा ज्ञातीने मान राखावा, एवढीच आमची विनंती आहे.