मानधन : निरंक
(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला इथं कवितेवर बोलायला बोलावलंय. कविता नंतर. आज मी एक कागद आणलाय. एका संस्थेचा जमाखर्च. संस्था आपल्याच वस्तीतली, आपल्याच माणसांची, दारात बाबासाहेबांचा फोटो. नाव सांगणार नाही. नाव घेतलं की तुम्ही दोन पार्ट्या पाडून भांडणार आणि कागद वाचायचा राहणार.

मी गोदीत काम करतो. जहाजातून डाळीची गोणी उतरली की टॅली क्लार्क रेघ मारतो. चार उभ्या, एक आडवी. एक गोणी कमी भरली तर मुकादमापासून अख्ख्या टोळीची झाडाझडती. म्हणजे शेठच्या मालाचा हिशेब आम्ही दाण्यादाण्यानं देतो. आणि आमच्या पैशाचा? माझी आय दर जयंतीला या संस्थेच्या वसतिगृहासाठी पावती फाडते. सगळ्या पावत्या तिनं पत्र्याच्या पेटीत ठेवल्यात. वसतिगृहाच्या खिडक्यांना काचा नाहीत, पुठ्ठे लावलेत. सचिवसाहेबांच्या दारात गाडी आहे. गाडीला माझी हरकत नाही. आपल्या माणसानं गाडीत बसू नये म्हणणारे दुसरे आहेत, त्यांच्यात मला धरू नका. मला एवढंच कळायला हवं होतं की त्यांना पगार किती.

वार्षिक सभेत उठून विचारलं. साहेब हसले. "अरे, आम्ही समाजकार्य करतो. एक पैसा घेत नाही." टाळ्या पडल्या. च्यायला, मीपण वाजवल्या.

मग एक खाडा करून वरळीला गेलो. अ‍ॅनी बेझंट रोडवर धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहे. त्याच वरळीच्या बीडीडी चाळींत जानेवारी 1974 मध्ये पँथरच्या सभेनंतर आपल्या माणसांची डोकी फुटली. तो इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्याच वरळीत आपल्या संस्थांच्या फायली पडून आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

कायदा 1950 चा. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. आता नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय. शाळा, वसतिगृह, देऊळ, विहार, दवाखाना, जी जी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, तिनं रोजचा हिशेब ठेवायचा, दर वर्षी ऑडिट करून घ्यायचं. त्याची प्रत ऑडिटरनं धर्मादाय ऑफिसात पाठवायची. विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत कळवायचं. जमीन विकायची तर आधी आयुक्तांची परवानगी. ऑडिटरला उत्तरं द्यायला प्रश्नांची यादीच ठरवून दिलीय. विश्वस्तांपैकी कुणी संस्थेचा देणेकरी आहे का? 5000 रुपयांवरच्या दुरुस्तीला टेंडर मागवलं होतं का? संस्थेचा पैसा दुसऱ्याच कामाला वापरला का? प्रश्न बघा, चोराच्या वाटा माहीत असलेल्या माणसानं काढलेत.

आमच्या कागदावर सगळ्यांपुढं एकच उत्तर : नाही, नाही, लागू नाही.

हा कागद मिळाला माहितीच्या अधिकारात. 2005 चा कायदा. साधा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्सचे पानाला 2 रुपये, मुदत 30 दिवस. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही कोण संस्थेचे?" म्हटलं, कुणी नाही. कायद्यात कारण सांगायची सक्ती नाही, एवढं मी वाचून गेलो होतो.

तर उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात कायद्यानंच एक ओळ छापलीय : विश्वस्तांचे मानधन. तिच्यापुढं, निरंक. साहेब खोटं बोलले नव्हते. पण तिच्या वरच दुसरी ओळ आहे : आस्थापना खर्च. त्यात एकच मोठा आकडा, फोड नाही. खाली संस्थेच्या उद्दिष्टावर, म्हणजे पोरांच्या शिक्षणावर झालेला खर्च. आस्थापनेपेक्षा कमी! साहेब विश्वस्त म्हणून फुकट राबतात. पण तेच साहेब वसतिगृहाचे संचालकही आहेत, आणि संचालकाला पगार असला तर तो पडणार आस्थापनेत. पडतो का, किती पडतो, तेच कागद सांगत नाही.

ज्यांच्या नावावरून आपण पँथर झालो त्या काळ्या भावांच्या अमेरिकेत धर्मादाय संस्थांना फॉर्म 990 भरावा लागतो. त्यात पदाधिकाऱ्यांची नावं आणि पगार असतात, कुणीही मागून बघावं. तिथंही लबाड्या होत असतील. पण पगाराला रकाना आहे.

आता कुणी म्हणेल, पगार घेणं पाप आहे का? अजिबात नाही. घ्यावा, चांगला घ्यावा. उद्या मला कुणी सचिव केलं तर मी पाळी सोडून फुकट कसा येऊ? घरी चूल कशावर पेटणार? फुकट समाजकार्य ज्याला परवडतं तोच मग पुढारी होतो, आणि गोदीवाला, सफाईवाला जन्मभर सतरंज्या उचलतो. म्हणून त्या ‘निरंक’चा मला राग आहे. पगार लिहा, आकडा लिहा. मग त्या खुर्चीवर आमचाही पोरगा बसू शकेल.

जुने कार्यकर्ते मला म्हणाले, घरातलं उणंदुणं बाहेर नेऊ नकोस, शत्रूला कोलीत मिळेल. दादा, फाईल वरळीला सरकारच्या कपाटात आहे. शत्रूला हवी तेव्हा तो काढेल. वाचली नाही ती फक्त आपण. आणि व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते हे 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत कोण बोललं, ते मी तुम्हाला सांगावं काय?

मी दुसरा अर्ज केला, आस्थापना खर्चाची फोड मागितली. जबाब आला, फोड आमच्या दप्तरी नाही, आणि पगार ही वैयक्तिक माहिती. ही पळवाट आता आणखी रुंद होणार, कारण 2023 च्या डेटा कायद्यानं त्या कलमातली सार्वजनिक हिताची अट काढायची दुरुस्ती आणली. कलम 8(2) मात्र आहे. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती द्यायला मुभा आहे. शिवाय 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सरकारच्या भरीव पैशावर चालणाऱ्या संस्थाही माहिती अधिकाराखाली येतात. आमच्या वसतिगृहाला सरकारी अनुदान आहे. ते भरीव की किरकोळ यावर भांडण होईल, होऊ द्या. म्हणजे तिसरा अर्ज थेट साहेबांच्या टेबलावर.

तो मी लिहून आणलाय. सही माझी एकट्याची आहे. आय म्हणाली, माझीपण घाल, तिनं पेटीतल्या पावत्या काढून दिल्यात, त्यांच्या झेरॉक्स जोडल्यात. सोमवारी माझी दुसरी पाळी आहे, सकाळी 11 ला संस्थेच्या ऑफिसात जातोय. ज्यांच्या घरी पावत्या असतील त्यांनी घेऊन या.