जड बलवाहक कणांची टक्कर
(भायखळा येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



विषय ऐकून काहींच्या कपाळी आठ्या पडल्या असतील. परंतु भायखळ्याहून तीनएक कोसांवर असलेल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ज्या कामात हात आहे, ते सर्वस्वी परके कसे मानावे?

दोन विजेऱ्यांचे झोत एकमेकांवर रोखले, तर ते आरपार निघून जातात. प्रकाशकण एकमेकांस थेट ढकलीत नाहीत. सूर्याची भट्टी ज्यावाचून पेटणार नाही ते दुर्बल बल वाहणारे डब्ल्यू आणि झेड कण मात्र परस्परांस ढकलतात. १९८३ साली जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत ते सापडले. डब्ल्यू हा प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट जड. जड असल्यामुळे तो आपल्या गतीच्या दिशेनेही कंप पावू शकतो. प्रकाशकणास हे साधत नाही. सारा घोटाळा ह्या कंपात आहे. ऊर्जा वाढवीत नेली की अशा दोन डब्ल्यूंच्या टकरीची संभाव्यता शंभरांत शंभराहून अधिक निघू लागते! असे उत्तर आले की आम्ही विद्यार्थ्यांची वही परत करीत असू. हिग्ज कण गणितात धरला म्हणजे ही वाढ आटोक्यात येते. तो २०१२ साली सापडलाही. पण हे काम तो एकटाच पुरते करतो काय?

डब्ल्यू तर जन्मतःच विरून जातो. मग टक्कर घडवावी कशी? २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉन समोरासमोर आदळवितात. क्वचित् दोन्हींकडील एकेक क्वार्क डब्ल्यू फेकतो आणि ते दोन डब्ल्यू एकमेकांस भिडतात. फेकणारे क्वार्क किंचित् वळून पुढे जातात व दोन्ही टोकांस कणांचे फवारे उमटतात. मध्यभागी समान विद्युत्भाराचे दोन इलेक्ट्रॉन वा म्यूऑन आढळले, म्हणजे खूण पटू लागते. सेकंदास सुमारे शंभर कोटी टकरींतून ही वेचणी करावयाची! तांदूळ निवडणाऱ्या आमच्या भगिनींस त्यातील चिकाटी अधिक कळेल. २०१६ सालच्या टकरी तपासून सीएमएस प्रयोगाने २०१७ साली ही घटना दाखविली. ती निव्वळ योगायोग असण्याचा संभव पस्तीस लाखांत एकाहूनही कमी. ह्याच सीएमएस यंत्रात निसटती ऊर्जा टिपणारा चकाकत्या फलकांचा बाह्य थर आहे, त्याच्या उभारणीत कुलाब्याच्या संशोधकांचा मोठा वाटा आहे.

तथापि ज्यांनी गणित बिघडते, त्या गतीच्या दिशेने कंपणाऱ्या दोन डब्ल्यूंचीच टक्कर निःसंशय वेगळी काढणे अद्याप साधलेले नाही. त्यासाठी कितीतरी अधिक टकरी हव्यात. तसे सुधारलेले यंत्र २०३० च्या सुमारास चालू व्हावयाचे आहे. त्याचा निकाल हाती येईल तेव्हा येथे पहिल्या रांगेत बसलेली मुले पदवीधर झालेली असतील.