घर भाड्याने देताना मालकाची कायदेशीर जबाबदारी

(वसई तालुक्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या सभेत माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाडेकरूने काय करावे आणि काय करू नये, याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. घर भाड्याने देणाऱ्यावर कायद्याने काय बंधने घातली आहेत, हा विषय मात्र सहसा कोणी काढीत नाही. वसई-विरारमध्ये तो काढावयास हवा. २००९ साली चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून येथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. मुंबईत परवडणारे घर न मिळालेला माणूस लोकल गाडीच्या मार्गाने इकडे सरकत आला, आणि त्यातील फार मोठा वर्ग भाड्याच्या खोलीतच संसार थाटतो. त्याला खोली देणारा मालक नेहमीच कोणी धनाढ्य गृहस्थ असतो असे नाही. भविष्यनिर्वाह निधीतून एखादी सदनिका घेऊन ठेवलेला निवृत्त शिक्षकही मालकच आहे. या सभागृहातही असे मालक बसलेले असतील.

येथील रूढ पद्धत आपणांस ठाऊक आहे. दलाल खोली दाखवितो, अनामत रक्कम ठरते, मुद्रांक कागदावर अकरा महिन्यांचा करार टंकलिखित होतो, नोटरीचा शिक्का बसतो आणि किल्ली हाती पडते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, अशी सर्वांची ठाम समजूत असते. या समजुतीला मूळ आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. म्हणून लोकांनी एक महिना कमी करून वाट काढली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला आणि त्याच्या पंचावन्नाव्या कलमाने ही वाट बंद केली. भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्सचा करार असो, तो लेखी असला पाहिजे आणि नोंदविलेला असला पाहिजे. त्यात अकरा महिन्यांना सूट नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

आता महत्त्वाचा भाग. ही नोंदणी करण्याची जबाबदारी त्याच कलमाने स्पष्ट शब्दांत मालकावर टाकली आहे. दलालावर नाही, भाडेकरूवरही नाही. मालकाने ती पाळली नाही आणि पुढे वाद उद्भवला, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते; ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. शिवाय दोष शाबीत झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मालकांच्या मनात भाडेकरूविषयी जी धास्ती आहे तिलाही इतिहास आहे, हे मान्य केले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले. मालक परवाना करारांकडे वळले, तेव्हा १ फेब्रुवारी १९७३ रोजी असा परवाना चालू असलेल्या रहिवाशांना दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. तेव्हापासून ‘दिलेले घर परत मिळत नाही’ हे वाक्य घराघरांत रुजले. परंतु त्या भीतीवरचा उपायही १९९९ च्या कायद्यातच आहे. चोविसाव्या कलमानुसार राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरच्या वास्तव्याबद्दल ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. आणि लेखी करारातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे ज्या कागदाला मालक टाळतो, तोच त्याचे घर त्याला परत मिळवून देणारा आहे. मुद्रांक शुल्क एकूण परवाना शुल्क आणि परत करावयाच्या अनामतीवरील दहा टक्के दराचे वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर शेकडा पाव टक्का आहे. साध्या घरासाठी ही रक्कम काही शेकडा रुपयांत राहते. नोंदणी फी वेगळी. पण दलालीच्या मानाने तीही अल्पच. नोंदणी आता घरबसल्या संगणकावरही होते.

किल्ली दिल्यानंतर काय? कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे, उलट करार नसल्यास, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकाकडे आहे. छत गळते म्हणून भाडेकरूने पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली आणि मालक स्वस्थ बसला, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नव्हे. भाड्याची पावती देणेही बंधनकारक आहे. जागेची पाहणी करावयाची तर पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी. स्वतःकडील दुसऱ्या किल्लीने केव्हाही दार उघडून नव्हे. भाडे थकले म्हणून वीज अथवा पाणी तोडणे हा या भागातील नेहमीचा उपाय आहे, आणि एकोणतिसाव्या कलमाखाली पुरेशा कारणावाचून तसे करणे हा गुन्हा आहे. ज्या वस्त्यांनी टँकरची वाट पाहण्यात वर्षे घालविली, तेथे नळ बंद करण्याचा अर्थ काय होतो, हे आपणांस सांगावयास नको. थकबाकी वसूल करण्याचा मार्ग न्यायालयातून जातो, पाण्याच्या टाकीवरून नाही.

ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय कार्यरत आहे. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यास द्यावी, असे आदेश आयुक्तालये वेळोवेळी काढीत असतात. तसा आदेश जारी असताना माहिती न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका असेल तर संस्थेस कळवावे. संस्थेलाही २००१ च्या शासन निर्णयानुसार सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क घेता येत नाही.

आता ज्या प्रश्नासाठी मी मुख्यतः उभा आहे, तो मांडतो. जी जागा मुळात राहण्यास योग्यच नाही, ती भाड्याने द्यावी काय? नालासोपारा पूर्वेस अग्रवाल नगरी येथील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या. शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विरार पूर्वेस रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुलेही होती. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका अधिनियमाने सक्तीची केली आहे. ही इमारत त्या वयाच्या जवळपासही नव्हती. म्हणून केवळ वयावर विसंबून चालणार नाही. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, हे पाहिले पाहिजे.

येथे पंचायत सदस्यांना विशेष विनंती आहे. घरपट्टीची पावती किंवा आठ नमुन्यातील नोंद दाखवून चाळीतील खोली ‘कायदेशीर’ म्हणून दिली जाते. कर आकारणी म्हणजे परवानगी नव्हे. आपल्याकडे कोणी विचारावयास आला, तर हा फरक त्याला तेथल्या तेथे सांगावा. शिक्षकांनीही पालकसभेत दोन शब्द बोलावेत. शाळेत आलेल्या मुलाचा पत्ता दर जून महिन्यात बदललेला दिसतो, त्यामागे बहुधा नोंद नसलेला करार असतो.

करारांचे नमुने नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. ते येथे समजावून घ्यावयाचे असल्यास सभेनंतर मी याच दालनात थांबणार आहे.