बर्फावाचून राहणारा पेंग्विन
(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात स्वयंपाक, शिवण, बालसंगोपन, आरोग्य अशा विषयांवर नेहमी व्याख्याने होतात. मग आज हा पेंग्विन मधेच कोठून आला, असे काहीजणींच्या मनात आले असेल. पण आपल्यापैकी बऱ्याचजणी मुलानातवंडांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन आल्या आहेत, आणि तेथे काचेपुढे उभे राहिल्यावर मुले जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे देण्याची पाळी आपल्यावरच येते. "यांना बर्फ का नाही दिला?" हा त्यांतला पहिला प्रश्न. तेथूनच आरंभ करते.

त्यांना बर्फ दिला नाही, कारण त्यांच्या घरी बर्फ नाही. जगात पेंग्विनांच्या सुमारे 18 जाती आहेत आणि त्यांतल्या बर्फाच्या खंडावर वीण करणाऱ्या जाती थोड्याच. राणीच्या बागेतले पेंग्विन आहेत हंबोल्ट जातीचे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पेरू आणि चिली असे दोन देश आहेत. या देशांचा किनारा आणि लगतची लहान लहान बेटे हेच या पक्ष्याचे माहेर, आणि हेच सासर. हा किनारा बहुतेक ठिकाणी ओसाड, पावसाचे नाव नाही असा. चिलीतले अटाकामाचे वाळवंट जगातल्या अत्यंत कोरड्या प्रदेशांत गणले जाते. त्याच्या काठाशी हा पक्षी ऊन खात उभा असतो!

मग हा पेंग्विन तेथे जगतो कसा? त्याचे उत्तर जमिनीवर नाही, पाण्यात आहे. या किनाऱ्याला लागून दक्षिणेकडून उत्तरेकडे एक थंड प्रवाह वाहतो. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने 1802 साली पेरूच्या किनाऱ्यावर या पाण्याचे उष्णमान मोजले. पुढे प्रवाहाला त्याचे नाव मिळाले आणि त्यावरून पक्ष्यालाही. वारा किनाऱ्यावरचे वरचे पाणी बाहेर लोटतो, आणि त्याच्या जागी खोलातले थंड पाणी वर येते. आपण कढई ढवळली म्हणजे तळाचे वर येते ना, तसेच समजा. त्या पाण्याबरोबर तळाशी साचलेली क्षारद्रव्ये वर येतात, त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांच्या आधाराने माशांचे थवेच्या थवे पोसले जातात. त्यांत मुख्य मासा अँकोवेटा. आपल्या मांदेलीच्याच कुळातला हा लहान मासा. हाच आमच्या पाहुण्याचा रोजचा घास. हेच थंड पाणी किनाऱ्यावरची हवाही थंड ठेवते, तिला वर चढू देत नाही, आणि म्हणून पाऊस पडत नाही. समुद्रात सुकाळ आणि जमिनीवर वाळवंट, ही दोन्ही त्या एकाच प्रवाहाची करणी.

आता पक्ष्याकडे वळू. उंची साधारण 65 ते 70 सेंटीमीटर, वजन चार ते पाच किलो. पाठ काळी, पोट पांढरे, आणि छातीवर घोड्याच्या नालासारखा एक काळा पट्टा. याचाच शेजारी मॅगेलन पेंग्विन, त्याला असे दोन पट्टे असतात. पोटावर तुरळक काळे ठिपके दिसतात. काळी पाठ वरून पाहणाऱ्याला खोल पाण्यात मिसळून जाते, पांढरे पोट खालून पाहणाऱ्याला उजेडात विरघळते. हा वेश हौसेचा नाही, संरक्षणाचा आहे.

चोचीच्या मुळाशी गुलाबी, उघडी कातडी दिसते. तेथे पिसे नाहीत. शरीर तापले की त्या कातडीकडे रक्त अधिक धावते आणि अंगातली उष्णता तेथून बाहेर पडते. पाय आणि पंखही हेच काम करतात. फार उकडले तर तो चोच उघडून धापा टाकतो, नाही तर बिळात शिरतो. बर्फावरच्या पेंग्विनाला ऊब राखण्याची विवंचना, याला ऊब घालवण्याची.

पंख आहेत, पण उडण्यासाठी नाहीत. ते वल्ह्यासारखे ताठ झाले आहेत. इतर पक्ष्यांची हाडे पोकळ व हलकी, याची भरीव, कारण याला हवेत तरंगायचे नसून पाण्यात बुडायचे असते. जिभेवर आणि टाळ्यावर आत वळलेले काटे असतात, त्यामुळे निसटता मासा निसटत नाही. दात नाहीत, घास सगळा अख्खा. समुद्राचे खारे पाणी पोटात जाते त्याचे काय, असे कोणी विचारील. डोळ्यांच्या वर दोन ग्रंथी असतात, त्या रक्तातले जास्तीचे मीठ वेगळे करतात आणि ते पाणी होऊन चोचीवरून ठिबकते. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. ते तेल चोचीने पिसापिसाला लावणे हा याचा रोजचा नेम. वेणीफणी चुकली तर आपले फारसे बिघडत नाही. याची चुकली तर पाणी कातडीपर्यंत पोहोचते.

वर्षातून एकदा सारी पिसे एकदमच गळतात आणि नवी येतात. तेवढे दोनतीन आठवडे अंगावर पाणी न शिरणारे वस्त्र नसते, तेव्हा समुद्रात उतरता येत नाही, आणि समुद्रात उतरता येत नाही म्हणजे जेवण नाही. म्हणून आधी तो भरपूर खाऊन अंगावर चरबी चढवून घेतो. उपासाच्या आदल्या रात्री आपण जेवतो तसेच म्हणा, फरक इतकाच की याच्या उपासाला साबुदाणाही चालत नाही.

आता संसार. नरमादीची जोडी बहुधा टिकून राहते, आणि मोसमामागून मोसम त्याच घरट्याकडे परत येते. एकमेकांना हाक मारताना मान उंच करून गाढवासारखे ओरडतात. गर्दीतून ही हाक ऐकून जोडीदार जोडीदाराला ओळखतो. मादी दोन अंडी घालते. सुमारे सहा आठवडे ती उबवावी लागतात, आणि हे काम नर आणि मादी पाळीपाळीने करतात. एक घर राखतो, एक समुद्रावर जातो. पिले निघाल्यावरही तीच वाटणी. पिलू सुमारे तीन महिन्यांचे झाले, राखाडी लव जाऊन खरी पिसे आली, की ते एकटेच समुद्रात उतरते. पोहण्याचे कोणी शिकवीत नाही.

आणि घर? घरासाठीच मी आज हा विषय घेतला, असे म्हणा ना.

या बेटांवर पाणकावळे, बूबी, पेलिकन असे लाखो समुद्रपक्षी राहतात. पाऊस नसल्यामुळे त्यांची विष्ठा धुऊन न जाता शतकानुशतके साचत गेली आणि तिचे थर बनले. काही बेटांवर हे थर 30 मीटरांहून उंच होते. याला ग्वानो म्हणतात. या मऊ थरात बीळ खणून आमचा पेंग्विन त्यात अंडी घालीत असे. वर छप्पर, आत गारवा, समुद्रपक्ष्यांपासून आणि उन्हापासून पिले सुरक्षित.

ग्वानो म्हणजे उत्तम खत. पेरूतील इंका लोक ते शेतीला वापरीत, आणि विणीच्या दिवसांत बेटावर पाऊल टाकणाऱ्यास देहदंड होई, असे गार्सिलासो दे ला वेगा याने 1609 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. पण 1840 च्या सुमारास युरोपला या खताचा शोध लागला आणि पुढल्या चाळीस वर्षांत एक कोटी टनांहून अधिक ग्वानो जहाजांनी वाहून नेला. तो खणण्यासाठी चीनमधून करारावर मजूर आणले, त्यांचे हाल विचारू नयेत. या बेटांसाठी 1864 साली स्पेनने आरमार पाठवले. थर खरवडून खडक उघडे पडले. त्या धांदलीत पेंग्विनाच्या पायाखालची जमीन गेली, याची दखल कोणी घेतली नाही. आजही कित्येक जोड्यांना खडकाच्या फटीत, नाहीतर अगदी उघड्यावर अंडी घालावी लागतात. तेथे ऊन लागते, गल आणि गिधाडे टपून असतात.

दुसरे संकट समुद्राचे. काही वर्षांच्या अंतराने किनाऱ्याजवळचे थंड पाणी वर येणे मंदावते आणि गरम पाणी पसरते. नाताळच्या सुमारास हे घडते म्हणून पेरूच्या कोळ्यांनी त्याला 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. मग मासे खोल जातात किंवा दूर निघून जातात. पिलांना घास मिळेना, तेव्हा आईबाप घरटे सोडतात. ऐकताना आपल्याला हे क्रूर वाटते. पण हा पक्षी पंधरावीस वर्षे जगू शकतो. स्वतः वाचला तर पुढल्या वर्षी पुन्हा अंडी घालील. दोघेही उपाशी मेले तर काहीच उरत नाही. 1982-83 च्या एल निनोत पेरूतले निम्म्याहून अधिक पेंग्विन नाहीसे झाले. 1997-98 साली पुन्हा तसाच तडाखा बसला.

भगिनींनो, हा एल निनो आपल्याही ओळखीचा आहे. तो आला की आपल्याकडचा पाऊस पुष्कळदा ओढ देतो. दरवेळी नव्हे, 1997 साली आपला पावसाळा ठीक झाला होता. पण 1972 आठवा. ज्या वर्षी आपल्या महाराष्ट्रात विहिरी आटल्या, माणसे खडी फोडायला गेली, मुलांनी सुकडीवर दिवस काढले, त्याच वर्षी पेरूच्या समुद्रातला मासाही नाहीसा झाला. 1970 साली तेथे एक कोटी वीस लाख टनांहून अधिक अँकोवेटा पकडला होता. 1973 साली तो वीस लाखांच्या आसपास आला. समुद्र तापला होता हे एक कारण, आणि त्याआधी माणसाने हात आखडता घेतला नव्हता हे दुसरे. हा मासा बहुतांशी माणसाच्या ताटात जात नाही. त्याची भुकटी करून कोंबड्यांना आणि तळ्यातल्या माशांना घालतात. पेंग्विनाच्या तोंडचा घास असा फार लांब फिरून जातो.

याखेरीज कोळ्यांच्या जाळ्यांत अडकून कित्येक पेंग्विन बुडतात. पाण्यात पोहणारा असला तरी श्वासाला त्याला वर यावेच लागते. 2023 साली बर्ड फ्ल्यूच्या साथीत चिलीमध्ये हजाराहून अधिक पेंग्विन दगावले. आज जगात या जातीचे सुमारे 24 हजार प्रौढ पक्षी उरले असावेत असा अंदाज आहे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाची वस्ती याहून मोठी असते.

पण केवळ निराशेचे सांगून मी बसणार नाही. पेरूने 1909 सालीच ग्वानोची व्यवस्था सरकारी देखरेखीखाली आणली आणि बेटांवर पहारेकरी ठेवले. पुंता सान हुआन या भूशिरावर तर जमिनीच्या बाजूने भिंत घालून कोल्ह्याकुत्र्यांना मज्जाव केला. तेथे आज पेरूतली या पक्ष्यांची एक मोठी वसाहत आहे. 2009 साली पेरूने ही बेटे आणि भूशिरे राखीव म्हणून जाहीर केली. चिलीने 1990 साली या पेंग्विनाच्याच नावाने बेटांचे राखीव क्षेत्र केले. या पक्ष्याच्या व्यापारावर 1981 पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. खत काढायचे, पण विणीच्या वेळी नाही, आणि सगळे नाही, एवढा साधा नियम पाळला तर माणूस आणि पक्षी एका बेटावर नांदू शकतात. इंकांना हे कित्येक शतकांपूर्वीच समजले होते.

आता राणीच्या बागेविषयी. तेथे 26 जुलै 2016 रोजी दक्षिण कोरियातील सोलहून आठ पेंग्विन आले. त्यांतली एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली. 2018 च्या स्वातंत्र्यदिनी तेथे पहिले पिलू जन्मले. सारे शहर आनंदले, पण ते आठवडाभरातच गेले. पुढे 2021 पासून मात्र पिले जगली व वाढली. त्यांच्या दालनात 16 ते 18 अंशांचे उष्णमान राखावे लागते. त्याच्या खर्चावरून वर्तमानपत्रांत पुष्कळ वाद झाला, आणि तो होणे योग्यही होते. पाहुणा आणावा की नाही याविषयी दुमत असू शकते. मला वाटते, तो आला आहे तर त्याची हकीकत आपण नीट सांगावी, इतके तरी आपल्या हाती आहे.

मुलांना नुसते "बघ, कसा डुलत चालतो" असे सांगून पुढे जाऊ नये. त्याच्या छातीवरचा पट्टा मोजायला सांगावा. चोचीजवळचा गुलाबी रंग कशासाठी, ते विचारावे. काचेवर हात मारू देऊ नये. नकाशात पेरू आणि चिली दाखवावे. आणि ज्या वर्षी "यंदा एल निनो आहे" असे वर्तमानपत्रात येईल, त्या वर्षी आपल्या शेतकऱ्याबरोबर त्या दूरच्या किनाऱ्यावर अंडी उबवीत बसलेल्या पक्ष्याचीही आठवण मुलांना करून द्यावी. दोघांचीही नजर एकाच समुद्राकडे लागलेली असते.