नवरा येवो न येवो, आपण जायचं

गटाचा हप्ता थकला की आधी आम्ही त्या बाईलाच बोल लावायचो. घरी गेलो की कळायचं, पैसे गुत्त्यावर गेले. शपथा, अंगारे, माळ घालणं, सगळं करून झालेलं.

मग समजलं, तालुक्याला शाळेच्या वर्गात संध्याकाळी ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग भरते. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरत हे सुरू केलं. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. उपदेश नाही, जो तो आपलीच गोष्ट सांगतो.

आमच्यातल्या एकीचा नवरा तीनदा फाटकातून परत फिरला. चौथ्यांदा ओपन मीटिंग होती, तिथे घरच्यांनाही बसता येतं. आम्ही दोघी तिच्यासोबत गेलो. तो मागच्या बाकावर बसला. परतीची एसटी चुकली, पण वाटभर तो बोलत होता. असं कधी होत नव्हतं म्हणाली.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. नवरा घरीच बसला तरी तिथे आपण जावं.

एक मात्र सांभाळा. रोज पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका. हात थरथरतात, भास होतात, फिट येऊन जीवावर बेतू शकतं. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. मीटिंगचा पत्ता व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. सरकारची १४४४६ ही फुकट हेल्पलाइनही आहे.

आम्ही गुरुवारी पुन्हा जातोय. यायचं असेल तर चारच्या एसटीला फाट्यावर या.