नोंद ज्याची, मदत त्याची

(शिरवणे, नवी मुंबई येथे गावाकडून कामाला आलेल्या शेतकरी-मजुरांच्या बैठकीतील भाषण)



कपाशी-ज्वारीवाल्यांची बैठक शिरवण्याला कशाला, असे काही कार्यकर्त्यांनी विचारले. उत्तर साधे आहे. सुगी आटोपली की कोरडवाहू गावात जी माणसे दिसेनाशी होतात, ती इथल्या भाड्याच्या खोल्यांत दिसतात. कोणी एमआयडीसीत, कोणी बांधकामावर, कोणी वाशीच्या बाजारात. सात-बारा तिकडे, पोट इकडे. 2020 साली टाळेबंदी लागली तेव्हा ही माणसे सरकारच्या कोणत्या कागदावर होती, एवढाच आजचा विषय.

त्या दिवसांत आमदार मंडळी पत्रके काढत होती. आज काय चालू, काय बंद, कोणत्या कामगाराला किती मदत. माहिती उपयोगाची होती, नाकारत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. विधानमंडळाचे अधिवेशन 14 मार्च 2020 ला गुंडाळले, ते पुन्हा भरले 7 सप्टेंबरला, तेही दोन दिवसांसाठी. मधल्या जवळजवळ सहा महिन्यांत सगळे नियम आले ते हुकुमांनी. आमदार नियम करणारा राहिला नाही, नियम वाचून दाखवणारा झाला. मंत्रिमंडळाने आमदारांचा पगार वर्षभर 30 टक्के कापायचे ठरवले त्याचे कौतुक झाले. आम्ही आमदार निवडतो तो पगार कमी घ्यावा म्हणून नव्हे, प्रश्न विचारावा म्हणून.

हे हुकूम निघाले कशाच्या आधारावर? एक आधार 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, दुसरा 1897 चा साथरोग कायदा. हा दुसरा आपल्याच मातीतला. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या फेब्रुवारीत इंग्रजांनी तो घाईने केला. जेमतेम चार-पाच कलमे. हुकूम काढता येतो, न पाळणाऱ्याला शिक्षा देता येते. ज्याचे काम बंद केले त्याने खायचे काय, यावर एक शब्द नाही. इंग्रजाला त्याची गरज वाटली नाही. पण स्वराज्याला सत्तर वर्षे होऊन गेली तरी तो कायदा तसाच राबवावा लागावा?

मजुरीबद्दल हुकूम निघालाच नाही असे नाही. 29 मार्च 2020 ला केंद्राने मालकांना सांगितले, टाळेबंदीतला पगार कापू नका. 18 मे पासून तो हुकूम उठला. जूनमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणाले, मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवा. नाक्यावर उभा राहणाऱ्याने कोणाशी बोलावे? त्याचा मालक रोज बदलतो.

घरभाड्याचे तेच. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने 17 एप्रिलला घरमालकांना सांगितले, भाडे किमान तीन महिने पुढे ढकला, कोणाला काढू नका. इथे घरमालक कोण? तेही कालचे शेतकरीच. 1970 साली सिडको आली, इथल्या पंचक्रोशीची भातशेती गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी 1984 च्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमीन गेलेल्याला खोलीचे भाडे हेच पीक. म्हणजे सरकारने एका शेतकऱ्याला सांगितले, तू दुसऱ्या शेतकऱ्याला उधार ठेव. स्वतःच्या तिजोरीतले काही काढले नाही.

आता मदतीकडे वळू. एप्रिल 2020 मध्ये बांधकाम मजुरांना दोन हजार जाहीर झाले, नोंदणीकृत मजुरांना. 13 एप्रिल 2021 ला मुख्यमंत्र्यांनी 5,476 कोटींचे पॅकेज सांगितले. बांधकाम मजूर, घरेलू कामगार, फेरीवाले, रिक्षावाले, प्रत्येकी दीड हजार. आदिवासी कुटुंबांना खावटीचे दोन हजार. आदिवासींची ओळ सोडली तर यातल्या प्रत्येक ओळीला एक शेपूट होते: नोंदणीकृत, परवानाधारक. सात कोटी लोकांना महिनाभर फुकट धान्य, तेही शिधापत्रिकेच्या नोंदीवर. 'शेतमजूर' हा शब्द त्या यादीत नव्हता.

आणि आपण जमीनवाले? पीएम-किसानचे दोन हजार 2020 च्या एप्रिलमध्ये आले. ती नवी मदत नव्हती, वर्षाच्या सहा हजारांतलाच हप्ता होता. शेतीकामाला आणि बाजार समित्यांना केंद्राने 27 मार्चलाच सूट दिली होती, कागदावर. कापसाची खरेदी मात्र थांबली. सुरू झाली तेव्हा केंद्रावर दिवसाला मोजक्याच गाड्या. लांब धाग्याचा हमीभाव 5,550, घरात कापसाचा ढीग, आणि व्यापारी ओळखून होता की याला पेरणीला पैसा हवा आहे.

मग ज्यांना मिळाले त्यांना का मिळाले? सरकारला त्यांचीच दया जास्त आली म्हणून नव्हे. बांधकाम मजुरांच्या मंडळामागे 1996 चा कायदा होता, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो. माथाडींसाठी अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, 1969 चा कायदा झाला, मजुरीवर लेव्ही बसली, त्यातून भविष्यनिधी, रजा, दवाखाना. रजिस्टर आहे आणि रजिस्टरच्या मागे पैसा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये ई-श्रम कार्ड निघाले, त्यात शेतमजुराचे नाव घालता येते. जरूर घाला. पण त्या कार्डामागे कोणताच उपकर नाही.

शेतमजुराचे मंडळ काढा म्हटले की पुढचा प्रश्न येतो, लेव्ही कोण भरणार? कपाशीवाला? त्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई आधीच वजा होते. ज्याला उत्पादन खर्च भरून मिळत नाही त्याच्या माथी मजुराचा भविष्यनिधी मारला, तर तो मजूर लावणे बंद करील, आणि मजूर पुन्हा याच खोल्यांत येईल. शेतकरी आणि मजूर एकमेकांच्या अंगावर घालण्याचा हा जुना डाव आहे, त्यात आपण पडायचे नाही.

वाट याच राज्यात सापडली होती. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. आमदार काय करू शकतो ते त्यांच्याकडे पाहून कळते. 1965 साली तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात तो राज्यभर कामी आला, 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. तिथे कोण कोणत्या धंद्याचा, असा सवाल नव्हता. काम मागेल त्याला काम. आणि पैसा? 1975 पासून शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो या योजनेसाठी. तो कर आजही कापला जातो. इथल्या एमआयडीसीत ज्यांना पगाराची पावती मिळते त्यांनी ती काढून बघावी.

आमचे मागणे असे की त्या कराचा ठरावीक हिस्सा शेतमजूर मंडळाला बांधून द्यावा. हमीभावाचा हिशेब करताना मजुरीच्या रकान्यात मजुराच्या रजेचा, दवाखान्याचा खर्चही धरावा. आणि साथरोगाच्या नावाने काम बंद करणारा हुकूम निघेल, त्याच हुकुमात रोजीची भरपाई लिहिलेली असावी.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणायची. 2020 च्या मार्चमध्ये गावाबाहेर कोण होते, कुठे होते, कशाने परतले, कोणती मदत मिळाली, कोणती नाही. ऊसतोडीला गेलेल्यांची पाने वेगळी ठेवा, त्यांना घरी परतायची परवानगीच एप्रिलच्या मध्याला मिळाली. शिरवणे-तुर्भ्याची वही इथले कार्यकर्ते करतील. त्या वह्यांवरून तारांकित प्रश्नाचा मसुदा करून आपापल्या आमदाराच्या हातात द्यायचा आणि पोच घ्यायची.