वणवा अडवणाऱ्याची मजुरी कुणी द्यायची?



वणव्याचं नाव निघालं की साहेबलोक आपल्याकडे बोट दाखवतात. खोटं कशाला बोला? फाल्गुन-चैत्रात धुऱ्यावरचं गवत आपणच पेटवतो. जंगलाकाठी मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतो, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून काडी लावतो. वारा फिरला की पहिली जळते ती आपलीच कडब्याची गंजी.

जळालेल्या गवताचा कार्बन पुढच्या पावसाळ्यातलं गवत परत ओढून घेतं, हे खरं. पण धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साईड ते ओढत नाही. जळालेलं झाडही एका पावसाळ्यात उभं राहत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँड हा गवताळ मुलूख आहे. तिथले आदिवासी पावसाळा सरताच, गवत पुरतं वाळण्याआधी, तुकड्यातुकड्यानं जाळतात. मग पुढे मोठा वणवा पसरत नाही. २००६ साली एका गॅस कंपनीनं या कामासाठी करार केला. वर्षाला लाखभर टन कार्बन डायऑक्साईडइतका धूर वाचवायचा, आणि त्याचे सुमारे दहा लाख डॉलर मोजायचे. फुकट नाही!

आपल्याकडे १९२७ चा वन कायदा. जंगलात हक्क असलेल्यानं वणवा विझवायला धावलंच पाहिजे, असं कलम ७९ सांगतं. त्या कलमात मजुरीचा शब्द नाही. होळीआधी जाळरेषा आम्ही काढू, मोहाखालचा पाला न पेटवता झाडून घेऊ. त्या दिवसांची मजुरी सरकारनं द्यावी. ही मागणी प्रत्येक तालुक्यानं लिहून पाठवायची आहे.